सबनीसांची बेल

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सबनीसांच्या बेलखाली मराठी, बंगाली आणि इंग्रजीत एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'बेल वाजवू नये. दार ठोठावावे.' आणि रोज संध्याकाळी, खिशात किल्ली असताना, हा गृहस्थ स्वतः तीच बेल वाजवतो. एकदाच. मग पिशवी दोन्ही हातांनी धरून मुलगी पाहायला आल्यासारखा उभा राहतो.

सबनीस कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका औषध कंपनीत गणितं मांडतात. पेशीवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे औषधाच्या ठरलेल्या जागेवर, औषध जाऊन बसलं, की परिणाम किती होईल, ते हे कागदावर आधीच काढतात. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "बसणं वेगळं आणि परिणाम होणं वेगळं. काही औषधं नुसती जागा अडवतात. स्वतः काही करत नाहीत आणि दुसऱ्यालाही करू देत नाहीत."

मी बँकेत अधिकारी आहे. त्यांना उदाहरण द्यावं लागलं नाही.

कोलकात्यात इतकी वर्षं काढून मी मासळीवाल्याशी बंगालीत बोलतो आणि तो मला हिंदीत उत्तर देतो. एकदा सबनीस शेजारीच उभे होते. "तुमचं बंगाली बसतं हो बरोबर जागेवर," ते म्हणाले, "पण आत काही घडत नाही." सोसायटीच्या मीटिंगमधल्या माझ्या भाषणाबद्दलही त्यांचं मत साधारण असंच आहे. सौ.नी ते ऐकलं आणि त्यांना चहाला बोलावलं.

मग मीही बेलवरून उट्टं काढायचो. "स्वतःच्या घरी पाहुणे म्हणून येता का?" यावर ते शांतपणे म्हणत, "सारखं उठवत राहिलं की रिसेप्टर दाद देईनासा होतो." असल्या उत्तरांवर मी मनसोक्त हसत असे. त्यांच्या पत्नीला, मालतीवहिनींना, विसर पडतो, दिवसभर मिनोती नावाची आया असते, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे मी डोकं चालवलं नव्हतं.

परवा आम्ही लिफ्टमधून बरोबरच वर आलो. त्यांनी बेल दाबली. आतून काही हालचाल नाही. मी मदत म्हणून बोट पुढे केलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. वेळ लागतो, पण होतं."

"मिनोती नाही का आत?"

"आहे. या बेलला उठायचं नाही, असं तिला सांगितलंय." मग दाराकडेच बघत म्हणाले, "घरात वावरताना मालती मला ओळखत नाही. विचारते, हे कोण. पण बेल वाजली की मी ऑफिसातून आलो, हे तिला कळतं. बाकीचे सगळे गेले. हा एक रिसेप्टर शिल्लक आहे. त्यावर कुरियरवाला नको बसायला."

मला नुसतं वाटत होतं, वहिनी, उठा हो.

बऱ्याच वेळानं आत सपाता घासत येऊ लागल्या. कडी निघाली. केसांवरून हात फिरवत वहिनी म्हणाल्या, "आलात? किती उशीर हो."

"आलो," सबनीस म्हणाले, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. दार लागलं.

मी माझ्या दाराशी गेलो. बिल्डरनं सगळ्या फ्लॅटना एकाच आवाजाची बेल बसवली आहे. माझी बेल त्यांच्या घरात ऐकू जात असणारच, आणि सबनीस त्याबद्दल मला कधी एका शब्दानं बोलले नव्हते. मी दार ठोठावलं.

"बेल बिघडली का?" सौ.नी आतून विचारलं.

"हो," मी म्हणालो. "काढूनच टाकू."