बोरी अरबच्या बाजारी दोन मिनिटे मौन सर केल्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, वऱ्हाड प्रांत, जिल्हा यवतमाळ, तालुके दारव्हा, मौजे बोरी अरब येथे आठवडी बाजाराचे दिवशी भर दुपारी एक मोहीम जाहली. तींत रक्त सांडले नाही, एक कांदा तेवढा सांडला. मुलूख मारिल्याचे वृत्त लिहिणारे बहुत जाहले. भरल्या बाजारास गप्प बसविल्याचे वृत्त कोणी लिहिले नाही, म्हणोन जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ बेताने घालोन, लिहिले आहे. वाचणारांनी हातातील फोन पालथा ठेवोन वाचावे.

कैलासवासी सुखीबाई म्हणजे या प्रांती गाण्याच्या दौलतीच्या खाशा धनीण. जन्म कापूस वेचणारीच्या पोटी, पाळणा शेताच्या धुऱ्यावर, बाभळीस लुगडे बांधोन. नवव्या वर्षी हळदीची गाणी म्हणावयास बसल्या आणि मग उठल्याच नाहीत. मग लग्नाची जाहली, आणि बारशाची जाहली, आणि मग नागपूरच्या रेडिओने बोलावणे धाडिले, आणि मग कॅसेटी निघाल्या, आणि त्या दिग्रसच्या स्टँडावर शेंगदाण्यासारख्या विकल्या, आणि वणीकडील कोळशाचे ट्रकवाले त्याच लावोन चंद्रपूरचा रस्ता कापीत, आणि मग ऐसे लग्न राहिले नाही की जेथे नवरी रडली आणि त्यास सुखीबाईंचे गाणे कारण नव्हते. कापूस वेचणीची त्यांची ही ओवी तर तीन तालुक्यांत पोरीबाळींच्या तोंडी होती:

पऱ्हाटी फुटली गं, शेत जालं चांदन्याचं
ओटी भरली गं बाई, वझं नाई वाटे त्याचं

ऐसी कीर्ती. तथापि या कीर्तीस एक कुसळ रुतले होते. जन्मभरात सुखीबाईंचे गाणे कोणी गप्प बसोन ऐकिले नाही. दिग्रसेस मांड मांडिली तो जिनिंगचे यंत्र सुरू. वणीस सूर लाविला तो रस्त्यात ट्रक अडकोन भोंग्यांची दंगल. बोरीस तर खासा बाजार. लोक डोलत, माना हलवीत, डोळेही पुशीत, आणि तितक्यात शेंगा फोडीत, पोरांस दटावीत, वांग्यांचा भाव करीत.

या दौलतीच्या दुसऱ्या मानकरी हंसाबाई. सुखीबाईंनी ओळ टाकावी आणि तिचा शेवट मागून हंसाबाईंनी उचलावा, यास झील म्हणतात. ती चाकरी हंसाबाईंनी बत्तीस वर्षे केली. कॅसेटच्या कागदावर सुखीबाईंची तसबीर, मोठ्या अक्षरांत नाव, आणि खाली बारीक अक्षरांत "आणि सहकारी" ऐसे दोन शब्द. ते सहकारी म्हणजे हंसाबाई. त्याचे त्यांस कधी वाईट वाटले किंवा कसे, हे कोणी पुसिले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

पुढे सुखीबाईंस दुखणे लागले. अखेरच्या दिवसांत त्यांनी हंसाबाईंस उशाशी बोलावोन हुकूम केला तो येणेप्रमाणे: "हंसे, मी मेल्यावर लोकं दोन मिनटं उभे राह्यतीन. मोठ्या मानसायसाठी राह्यतेतच. तू पुरे दोन घेजो. जितेपनी कोनी मले एक मिनट गप बसून ऐकलं नाई." हंसाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवोन शब्द दिला.

आणि तो शब्द तेराव्या दिवशीच हरला. त्याचे कारण मारोतराव. हे गृहस्थ मौजे मजकूरचे बडे कास्तकार, आणि तालुक्यात कोणी नामांकित वारला की शोकसभेचे अध्यक्षपद यांच्याकडे वहिवाटीने चालत आलेले. भाषण एकच, नाव तेवढे बदलावयाचे. "यांच्या जाण्यानं न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली" हे वाक्य त्यांनी इतक्यांच्या नावे म्हटले होते की तालुक्यात पोकळ्याच पोकळ्या होऊन उभे राहावयास जागा उरली नव्हती. मौन लाविण्यातही त्यांची एक रीत होती. दोन मिनिटे म्हणोन पुकारावे, मनातल्या मनात वीस अंक मोजावे आणि "ओम शांती" म्हणोन खाली बसावे. तेराव्या दिवशीही ऐसेच केले. हंसाबाईंनी मनगटावरील घड्याळात पाहिले तो एकोणीस सेकंद. तें शल्य त्यांनी वर्षभर उरी वागविले, आणि वर्षश्राद्ध जवळ येताच मारोतरावांच्या ओसरीवर जाऊन बसल्या.

मारोतरावांनी मसलत दिली की, पहिला स्मृतिदिन आहे, शाळेच्या खोलीत पंचवीस माणसे बोलावू, दारे लावोन घेऊ, मौन सुखरूप पार पडेल. त्यावर हंसाबाई म्हणाल्या, "खोलीत त कोनीबी गप राह्यते, भाऊ. ते गायली बाजारात. बाजार गप राह्यला पायजे."

"बाजार?" मारोतराव म्हणाले. "बाई, आपल्या बाजारात म्या दोनदा निवडनुकीचं भाषन केलं. माहंच मले आयकू आलं नाई."

परंतु हंसाबाई ओसरीवरून हलल्या नाहीत, आणि चहा दोनदा जाहला, आणि मग मारोतरावांनी परवानगी फर्माविली. वेळ मोजण्याच्या कामी विमलताई, शाळेतून निवृत्त जाहलेल्या बाई, नामजाद जाहल्या. कारण चाळीस वर्षे घंटेवर वर्ग सोडिल्याने त्यांस सेकंदाची चोरी सहन होत नसे. बाजारातील फोन गोळा करावयास त्यांनीच टोपली घेतली. भजेवाला, बांगडीवाला, दोरखंडवाला, हे एकेक करोन कौलास आले.

राहिला एकच गनीम, तो उकंडा. तीनचाकीवर कांदा-लसूण घालोन हिंडणारा, आणि टपावर भोंगा. त्यांत त्याचाच आवाज भरिलेला: "कांदेऽ लसून, कांदेऽ लसून", अखंड, विसावा नाही. त्या तोफेपुढे सारी मसलत फुकट. म्हणोन हंसाबाई खाशा त्याच्या तळावर चालोन गेल्या आणि दोन मिनिटांची मागणी केली.

"मावशी, भोंगा बंद केला का मानसं समजतेत माल सरला," उकंडा म्हणाला.

"तुह्या मायच्या हळदीत सुखीबाई रातभर गायली होती रे."

"गायली असन. मी तवा नोतो ना तिथी."

"तू काहून राहशीन? हळद तिची होती." आसपासच्या बाया हसल्या, आणि उकंडाही हसला, आणि मग तहाची बोलणी सुरू जाहली. कलमे दोन ठरली. पहिले: उकंडाने भोंगा पुरी दोन मिनिटे बंद ठेवावा. दुसरे: मौन उतरताच सभेच्या माईकावरून, खुद्द अध्यक्षांच्या मुखे, एकवार जाहीर व्हावे की उकंडाचा कांदा सुका आहे. हंसाबाईंनी दोन्ही कलमे मान्य केली आणि दुसरे मारोतरावांस निघण्याच्या घटकेपर्यंत सांगितले नाही.

नेमिले दिवशी, अडाण नदीच्या पुलाकडून माणसे उतरो लागली आणि बाजार दाटला. चौकात मेज मांडिले, त्यावर सुखीबाईंची तसबीर, हार, उदबत्ती. मारोतरावांनी पोकळीचे भाषण केले. विमलताईंनी कागद न घेता चार गोष्टी सांगितल्या. की सुखीबाईंस वाचता येत नव्हते, तरी प्रत्येक लेकीच्या सासरचे गाव पाठ होते, आणि गाण्यात त्या गावाचे नाव गुंफीत, म्हणोन नवरीस वाटे की हे गाणे जगात आपल्यापुरतेच आहे. मग हुकूम जाहला, सर्वांनी उभे राहावे. भोंगा थांबला. भज्यांची कढई उतरली. विमलताईंनी हात वर केला आणि वेळ सुरू जाहली.

दहा गेले. वीस गेले, तेव्हां मारोतरावांचे ओठ वहिवाटीने उघडले, पण हंसाबाईंनी त्यांचे बाहीस धरिले आणि ते मिटले. चाळीस गेले. पन्नास गेले. तितक्यात बैलबाजाराकडील आठ-दहा मंडळी उशिराने पोचली. पाहतात तो सारा बाजार ताठ उभा, कोणी बोलत नाही, मेजावर हार. त्यांनी तर्क केला की कोणी बडे पाहुणे आले आणि भाषण संपले. म्हणोन मोठ्या अदबीने टाळ्या वाजविल्या. पुढच्यांनी मागे टाळ्या ऐकोन आपणही वाजविल्या. बावन्नाव्या सेकंदास मौन फुटले. ऐशी शिकस्त.

लोक खाली बसो लागले. मारोतराव खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "बाई, जालं समजा. भावना पोचल्या."

हंसाबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भावना पोचल्या असतीन, भाऊ. मिनटं नाई पोचले."

"दुसऱ्यांदा उभं करू लोकायले? हे काय कवायत आहे का?"

"म्या शब्द देल्ला तिले. तुमी बसा. मी उभी राह्यतो." आणि तैशाच उभ्या राहिल्या, सत्तरीच्या, गुडघे दुखरे, हाती घड्याळ. बाजार त्यांजकडे पाहो लागला. बैलबाजाराकडील मंडळींस चूक कळोन ती ओशाळली, आणि त्यांच्यातील एका म्हाताऱ्याने टोपी काढिली आणि तो प्रथम उठला. मग बांगडीवाला उठला. मग भजेवाल्याने कढई दुसऱ्यांदा उतरविली, आणि विमलताईंनी काही न बोलता हात वर केला, आणि मारोतरावही उठले.

हे दुसरे मौन पहिल्यासारखे नव्हते. प्रथम भाव थांबले, मग कुजबुज थांबली, मग तागड्या स्थिर जाहल्या. झाऱ्यावरून तेल ठिबकले तें ऐकू आले. उकंडाच्या ढिगावरून एक कांदा निसटला आणि टप टप करीत तीन पावले गेला. उकंडाने त्यावर हळूच पाय ठेविला. यवतमाळहून दारव्ह्यास जाणारी एसटी वळणावर आली; चालकाने सारा गाव उभा पाहिला आणि इंजिन बंद केले, आणि आतील प्रवासी, कोण गेले हे न कळता, दांड्यास धरोन उभे राहिले. वाऱ्यावर कोणाच्या गाठोड्यातील कापसाचा पुंजका सुटला, तो तसबिरीच्या हारास जाऊन लागला.

एक मिनिट गेले. दीड गेले.

तेव्हां शेवटचा गनीम उठला, आणि तो हंसाबाईंच्या खुद्द गळ्यात होता. बत्तीस वर्षांची चाकरी ऐसी की, सुखीबाई ओळ टाकोन थांबल्या आणि शांत जाहले, की तो हंसाबाईंचा वखत. त्या थांबण्याची गळ्यास सवय. आणि आज तर बाई इतक्या थांबल्या होत्या, जितक्या कधी थांबल्या नाहीत. हंसाबाईंस वाटले, ओळ टाकिली गेली आहे, आता उचलिली नाही तर पडेल. "वझं नाई वाटे त्याचं" हे शब्द टाळूपर्यंत आले. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरिला. डोळ्यांस पाणी सुटले, तें सुटो दिले. आवाज सुटो दिला नाही. घड्याळाचा काटा दुसऱ्यांदा बारावर आला. विमलताईंनी हात खाली केला.

दोन मिनिटे पुरी जाहली आणि कोणी हलले नाही.

सांगणार कोण? मारोतरावांस वीस सेकंदांपुढील मौनाचा अनुभव नव्हता, तें कोठे संपते हे त्यांस ठाऊक नव्हते. हंसाबाईंच्या तोंडात पदर. विमलताई नुसत्या उभ्या. बाजारास आपल्याच गप्प राहण्याची गोडी लागली होती आणि तीस मोडण्याचे पातक कोणी शिरी घेईना. पाच गेले, पंधरा गेले, तीस गेले. अखेर उकंडाने दुरून मारोतरावांस खूण केली, आणि मारोतरावांस तहाचे दुसरे कलम आठवले, आणि ते गहिवरल्या आवाजात, प्रत्येक शब्द तोलोन, माईकावर म्हणाले, "उकंडाचा कांदा सुका आहे."

मग बाजार जो हसला, तो एसटी निघोन जाईपर्यंत हसत राहिला, आणि हसताना बहुतांनी डोळे पुशिले. हंसाबाईंनी पदर काढिला आणि तसबिरीपुढे वाकोन म्हणाल्या, "घे. पुरे घेतले."

विमलताईंनी वहीत नोंद केली: सुखीबाई, मौन, दोन मिनिटे, पुरी. मग चष्मा सारखा करोन पुसिले की, वर छत्तीस सेकंद जाहले, ते कोणाच्या नावे लिहावे. मारोतरावांनी घसा साफ केला. अध्यक्षांच्या नावे लिहावे ऐसा त्यांचा मनोदय दिसला. परंतु हंसाबाई बोलल्या, "ते माह्या नावानं राहू द्या, बाई. मी गेल्यावर मंग तुमाले उभं राह्याचा तरास नाई."

विमलताईंची लेखणी थांबली. मारोतरावांस पोकळीचे वाक्य तोंडपाठ असोन तेंही सुचले नाही. ते म्हणाले, "बाई, तुमचे पुरे दोन आलग घेऊ."

"मंग मोजीन कोन?" हंसाबाईंनी पुसिले.

तेव्हां उकंडा कांदा हातात घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "मी मोजतो, मावशी. पन तारीख जरा पहिले सांगजो. त्या दिशी माल कमी भरीन." हंसाबाई इतक्या हसल्या की त्यांस मेजास धरावे लागले.

येणेप्रमाणे मौजे बोरी अरबचा भरला बाजार दोन मिनिटे छत्तीस सेकंद गप्प राहिला. पैकी दोन मिनिटे कैलासवासी सुखीबाईंस पावली, आणि छत्तीस सेकंद, हंसाबाई हयात आणि हसत असता, त्यांचे नावे, त्यांचेच हुकुमाने, शाईने लिहिले गेले. घडीभराने भोंगा सुरू जाहला आणि वांग्यांचा भाव पुनः चढला. फत्ते जाहली. आता लिहिणारही गप्प राहतो.