आधी नळ, मग माणूस

मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात उस्मानचाचांच्या अंगणातल्या नळाला जेवढा मान होता, तेवढा नगरसेवकालाही नव्हता. पाणी यायचं दिवसातून एक तास, पण नळाला हात लावायला माणसं दिवसभर. चाचांना भेटायचं तर आधी नळाला हात लावायचा आणि मग चाचांना. "आधी नळ, मग माणूस," हा त्यांचा कायदा.

एकदा कुणी पावणं लग्नाची पत्रिका द्यायला आले. चाचा मागच्या शेडमधूनच ओरडले, "पावणं, नळाकडनं या!" बिचाऱ्यांना वाटलं, पाय धुवून यायचं. त्यांनी चपला काढल्या, विजार वर दुमडली, तोटी फिरवली. टिपूस नाही.

"पाणी न्हाय की हो!"

"पाणी कुणाला पायजे? हात लावा नुसता. करंट असतोय अंगात!"

पावणं पत्रिका कट्ट्यावर टाकून अनवाणीच पळाले. चपला दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून नेल्या. आणि ईदला तर गळाभेटीला आलेल्यांची नळापाशी रांग लागायची.

तुम्ही म्हणाल, म्हातारा सटकलेला दिसतोय. तसा होताच. पण त्याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव हमीदाचाची.

चाचा सुतार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा कारखाना. पोळपाट, लाटणी, पाट, जोतिबावरच्या दुकानदारांच्या मांडण्या, सगळं तिथंच व्हायचं. चाची, म्हणजे त्यांची बायको, शेजारी स्टुलावर बसून लाटण्यांना पॉलिश पेपर मारायची. दोघं फारसं बोलायचे नाहीत, पण एकमेकांशिवाय त्यांचं काम पुढं सरकायचं नाही. सागवानी भुशाचा वास आजही कुठं आला, की मला ती दोघं आठवतात.

मग चाचीला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हिला भुशापासून लांब ठेवा. चाचांनी चाचीला लांब ठेवायच्या ऐवजी भुसाच लांब ठेवायचं ठरवलं. भुसा ओढून घेणारं मशीन आणलं, शेडभर प्लॅस्टिकचे पाइप फिरवले. भुसा गेला, पण नवीनच लफडं झालं. कोरडा भुसा प्लॅस्टिकमधून सुसाट पळाला की पाइपावर वीज साठायची. चाचीचं कोपर लागलं की चट्! तिसऱ्या झटक्याला ती उठलीच.

"भुसा बरा हुता की! मारका रेडा बांधलाय व्हय हितं?" म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

आठ दिवस चाचांचं कामात लक्ष नव्हतं. लाटणी वाकडी निघायला लागली. मग कुणीतरी सांगितलं, पाइपांना तांब्याची तार गुंडाळा आणि तिचं टोक जमिनीत सोडा, वीज जमिनीत उतरते. चाचांनी तार गुंडाळली आणि टोक बांधलं अंगणातल्या नळाला. लोखंडी नळ, जमिनीत गेलेला, अजून काय पाहिजे? चाची परत स्टुलावर आली.

"बसतोय का झटका?" चाचा दर तासाला विचारायचे.

"न्हाय की! कायबी न्हाय."

त्या आनंदात चाचा त्या नळाचे भक्तच झाले, आणि येणाऱ्या प्रत्येकानं अंगातला करंट त्याच नळावाटे जमिनीत सोडून मगच भेटायचं, असा कायदा झाला.

चाचीच्या मात्र काही खोडी होत्या. भर उन्हाळ्यात पदर कोपरांवरून घट्ट ओढून बसायची. पाणी आलं का बघायला तोटी फिरवायची, तीही पदर हाताला गुंडाळून. पुढं पुढं तर तिनं तोटीलाच जुनं फडकं बांधून टाकलं. "नळाला टोपरं घातलंय बघा आमच्या हमीदानं," चाचा सगळ्यांना दाखवायचे, आणि आम्ही खुशाल हसायचो.

दोन वर्षांपूर्वी चाची गेली. शेवटी दम्यानंच नेलं तिला. स्टूल जागचं हललं नाही. मशीन चालूच राहिलं.

गेल्या थंडीत मी तडकलेला पोळपाट घेऊन गेले. भर दुपार, नळ कोरडा, मशीन घरघरतंय. कायद्याप्रमाणं नळाला हात लावला, पण फडकं विरून वर सरकलेलं. बोट थेट लोखंडाला लागलं. चट्! मी किंचाळलेच.

"शक्यच न्हाय!" चाचा बाहेर आले. त्यांनी स्वतः तोटी पकडून दाखवली. त्यांच्या हाताला एवढे घट्टे की इंगळी डसली तरी कळायची नाही.

"मनगट लावा, चाचा."

त्यांनी मनगट लावलं आणि झटकन मागं घेतलं. मग पहार आणली. नळाच्या बुडाशी वीतभर उकरलं, तर लोखंड तिथंच संपलं होतं. खाली प्लॅस्टिकचा पाइप. तेव्हा मला आठवलं, मशीन यायच्या आधी बोळ खणला होता, तेव्हा प्लंबरनं खालचा गंजका पाइप बदलला होता. चाचा त्या दिवसांत जोतिबावर कामाला होते. वीज जमिनीत कधी उतरलीच नव्हती. ती पाइपांवर आणि तोटीत साठून बसायची.

चाचा त्या फडक्याकडे बघत राहिले.

"रोज इचारत हुतो की गं ताई," ते मला म्हणाले. "रोज न्हाय म्हणायची." मग शेडमधल्या स्टुलाकडे वळून, घरात बोलायचे त्या दखनीत म्हणाले, "बोली कायकू नै?"

का नाही बोलली, ते मला ठाऊक होतं. ती बोलली असती तर चाचांनी मशीनच विकलं असतं, नाहीतर तिला परत आत बसवलं असतं. तिला तिथंच बसायचं होतं, त्यांच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतः कमरेएवढा खड्डा काढला. कोळसा, मीठ घालून त्यात लोखंडी पाइप उभा पुरला, आणि शेडमधली तार आणि नळ दोन्ही त्याला जोडले. मशीन चालू करून मनगट लावलं, कोपर लावलं, गालसुद्धा लावला. काहीच नाही.

"आता हे काढूया," मी फडक्याची गाठ धरली.

"ऱ्हाऊ दे."

त्यांनी ते सरकलेलं फडकं खाली ओढून नीट बांधलं. मग आधी नळाला हात लावला, आणि आत जाऊन स्टुलावरचा भुसा पुसला.