अंगणात आढळलेली नाव

नाव फाटकात अडकली तेव्हा बाई बाहेरच्या खोलीत सहा जणींना बाही कशी जोडायची ते दाखवत होत्या. बाहेरून आधी काहीतरी घासल्याचा, मग काहीतरी मोडल्याचा आणि मग नवऱ्याचा आवाज आला. नवऱ्याचा आवाज अगदी शांत होता, म्हणून त्या दचकल्या. हा माणूस फार शांतपणे बोलायला लागला की काहीतरी मोठं होऊन गेलेलं असतं, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं.

त्या बाहेर आल्या. फाटकाचा एक खांब आडवा झाला होता आणि दुसरा त्याच बेतात होता. दोन खांबांच्या मधून एक भलीथोरली, चपटी, शेवाळलेली वस्तू अंगणात शिरू पाहत होती. खाली दोन लांबलचक पोकळ नळे, त्यांच्यावर प्लायवुडची जमीन, भोवती कठडा, वर फाटक्या ताडपत्रीचं छत आणि मागे गंजलेलं इंजिन. हे सगळं प्रकरण एका दोनचाकी ट्रॉलीवर बसलेलं होतं.

"हे काय आणलंत?"

"नाव आहे," नवरा म्हणाला. "पाँटून म्हणतात हिला. ही बुडत नाही."

"अंगणात कशाला बुडेल?" असं म्हणून बाई आत गेल्या आणि राहिलेली बाही जोडू लागल्या.

गल्लीत या गृहस्थांना सगळे लिफ्टवाले म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या. शेवटच्या दिवशी तलावाकाठच्या हॉटेलातली लिफ्ट तेलपाणी करून ते गच्चीवर आले, हात पुसायला चिंधी काढली, आणि समोर एवढं मोठं मोकळं पाणी बघून तसेच उभे राहिले. सगळी उमर त्यांनी बंद खोबणीत तारा ओढत काढली होती, वर जायचं आणि खाली यायचं. आडवं जायचं राहूनच गेलं होतं. खाली बोट क्लबच्या धक्क्यामागे ही नाव पडली होती, आणि तिच्यावर 'विकणे आहे' अशी पाटी होती. क्लबच्या व्यवस्थापकाने सांगितलं की थोडं घासूनपुसून घेतलं की झालं. किंमत तर इतकी कमी सांगितली की लिफ्टवाल्यांना घासाघीस करायचीही लाज वाटली.

आता, या अंगणाबद्दल नवराबायकोत एक ठराव झालेला होता. बाईंचा शिवणाचा वर्ग बाहेरच्या खोलीत भरे. खोली तिघींपुरती, वर्गात सहा जणी. लिफ्टवाले निवृत्त झाले की अंगणात पत्र्याचं छप्पर घालून वर्ग तिथे न्यायचा, असं ठरलेलं होतं. छप्पर तर आलं, पण फाटकं, आणि त्याच्याखाली नाव होती.

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "हिचं काय करायचं ते कधीपर्यंत ठरेल?"

"रविवारपर्यंत," लिफ्टवाले म्हणाले. कुठला रविवार ते बोलले नाहीत.

ठरवायचं म्हणजे दुरुस्त करायची की मोडीत काढायची, एवढंच. पण एवढं ठरवायला त्यांनी अर्धं गाव गोळा केलं. पहिला आला तो बाईंचा भाऊ. हा वेल्डर होता आणि कुठल्याही वस्तूकडे आधी ती कापायची कुठून अशा नजरेने बघायचा. त्याने नावेच्या जमिनीवर पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत प्लायवुडच्या आत गेला. पाय बाहेर काढून तो म्हणाला की भाऊजी, नळे तेवढे चांगले आहेत, बाकी यात नाव म्हणण्यासारखं काही नाही. मग बोटींचा एक मिस्त्री आला. त्याने इंजिनाचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि कुणाच्या तरी घरी समाचाराला आल्यासारखा हळू आवाजात दोन शब्द बोलून निघून गेला.

खिडकीचा प्रश्न तिसऱ्या दिवशी उभा राहिला. नावेचं छत नेमकं बाहेरच्या खोलीच्या खिडकीवर आलं होतं आणि खोलीत भर दुपारी अंधार पडायला लागला होता. एकीने बाहीच्या जागी खिसा जोडला. दुसरीने स्वतःच्या साडीचा पदर उशीच्या अभ्र्याला शिवून टाकला आणि उठताना उशीही उठली. बाईंनी दोन दिवस सहन केलं. मग त्या म्हणाल्या की उजेड बाहेर आहे, आपण बाहेर बसू. अंगणात बसायला जागा नव्हती, जागा होती ती नावेत. मेहुण्याचा पाय गेला होता त्या भोकावर एक पाट टाकला, चढायला सिमेंटचे दोन ठोकळे ठेवले, इस्त्रीसाठी खिडकीतून वायर ओढली, आणि हाताने फिरवायची सहा मशीनं कठड्याला लागून मांडली. वर्ग झकास चालू झाला.

लिफ्टवाल्यांना हे बघून बरं वाटायला हवं होतं, पण ते मनातून खचले होते. भंगारवाल्याला त्यांनी बाईंना न सांगता बोलावून घेतलं होतं. तो म्हणाला, नेऊन टाका दुकानावर, घेतो. मात्र मोडीत घालण्याआधी एकदा, नळे खरोखरच चांगले आहेत का, हे बघायची त्यांना हुक्की आली. मेहुण्याने सांगितलं होतं की आत हवा भरायची आणि वरून साबणाचं पाणी लावायचं, भोक असेल तिथे बुडबुडा येतो. लिफ्टवाल्यांच्या घरी हवेचा पंप नव्हता. बागेला पाणी घालायचा पाइप होता. त्यांनी विचार केला, पाण्याने काय आणि हवेने काय, भोक ते भोकच. वर्गाला सुट्टी होती त्या सकाळी त्यांनी डाव्या नळ्यात पाइप सोडला आणि वर्तमानपत्र वाचत बसले.

नळा केवढा होता आणि त्यात पाणी किती मावेल, याचा हिशेब त्यांनी केला नव्हता. लिफ्टेत माणूस जास्त झाला की घंटी वाजते. ट्रॉलीला घंटी नव्हती. ती एकदा कण्हली, मग तिचा आस काडीसारखा मोडला, आणि नाव डावीकडे कलून अंगणात अशी बसली की जणू ती तिथेच उगवली होती. पाठोपाठ नळ्यातून सतरा ठिकाणी पाण्याच्या धारा सुटल्या. लिफ्टवाल्यांनी डोक्याला हात लावला, पण दुसऱ्या हाताने खिशातला खडू काढून प्रत्येक भोकाभोवती गोल करायला ते विसरले नाहीत.

पाणी फाटकातून गल्लीत गेलं आणि गल्लीतून समोरच्या घराच्या पायरीला लागलं. समोरचे काका भांडखोर नव्हते, ते फक्त तक्रार करत. चौथ्या दिवशी नगरपालिकेचे निरीक्षक दारात हजर झाले. ते आले होते पाण्यासाठी, पण तोवर पाणी वाळून गेलं होतं. अंगणात तिरप्या जमिनीवर सहा बायका तिरप्या बसून मशीनं फिरवत होत्या. निरीक्षक हाडकुळे आणि सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पिशवीतून टेप काढली.

"हे बांधकाम कधीचं?" त्यांनी विचारलं.

"बांधकाम नाही साहेब. नाव आहे," लिफ्टवाले म्हणाले.

निरीक्षकांनी नावेला एक फेरी मारली. मग त्यांनी समजुतीच्या सुरात मुद्दा मांडला. याला जमीन आहे, कठडा आहे, छप्पर आहे, चढायला पायऱ्या आहेत, विजेची वायर आलेली आहे आणि रोज ठरलेल्या वेळी माणसं येऊन बसतात. हे हलतं का? नाही. मग नाव म्हणायचं कशावरून? लिफ्टवाल्यांनाही क्षणभर ते पटलं. निरीक्षकांनी नोटीस लिहून दिली. पंधरा दिवसांत ही वस्तू नाव असल्याचं सिद्ध करा, नाहीतर विनापरवाना मजला म्हणून पाडण्यात येईल.

लिफ्टवाले उलट खूश झाले. नगरपालिका स्वखर्चाने तोडून नेणार असेल तर ठरवण्यातून आणि भंगारवाल्याकडे नेण्यातून, अशी त्यांची दोन्हीकडून सुटका होती. त्यांनी नोटीस बाईंच्या हातात दिली. बाईंनी चष्मा लावून ती पहिल्यापासून वाचली आणि एका ओळीवर थांबल्या. त्या ओळीत लिहिलं होतं, 'सदर ठिकाणी सात महिला विनाकारण बसलेल्या आढळल्या.'

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढला.

"विनाकारण?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता, आणि या खेपेला दचकायची पाळी लिफ्टवाल्यांची होती. "नाव दुरुस्त करायची. उद्यापासून."

पुढचे चौदा दिवस त्या घरात लिफ्टवाल्यांना कुणी काही विचारलं नाही, फक्त कामं सांगितली. बाईंनी भावाला बोलावून घेतलं. तो यात काही राम नाही असं सांगायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला त्याच्या लग्नातला कोट कुणी शिवला होता याची आठवण करून दिली. त्याने मुकाट्याने सतरा भोकं बुजवली आणि ट्रॉलीला नवा आस लावला. वर्गातल्या एकीचा सासरा सुतार होता, पण सासऱ्यापेक्षा तिचाच हात चांगला होता. तिने कुजकं प्लायवुड उपटून नवं ठोकलं. बाकीच्या पाच जणींनी बैठकांना नव्या गाद्या शिवल्या आणि छताला दुहेरी शिलाईचं कापड घातलं. बाईंनी एकेक टाका तपासला, आणि ज्या कोपऱ्याला सुरकुती होती तो उसवायला लावला. लिफ्टवाल्यांच्या वाट्याला इंजिन आलं. त्यांनी ते सुटं करून पेट्रोलने धुतलं, परत जोडलं. जोडून झाल्यावर दोन स्क्रू आणि एक चकती उरली. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही. दोरी ओढली, तर इंजिन चक्क खोकलं, आणि खोकता खोकता चालू झालं. त्या क्षणी लिफ्टवाले डोळे पुसताना दिसले. धुरामुळे, असं ते म्हणाले.

पंधराव्या दिवशी सगळा लवाजमा तलावावर पोचला. निरीक्षक फाइल काखेत धरून धक्क्यावर उभे होते. ते म्हणाले की मी इथूनच बघतो.

"बसल्याशिवाय कसं कळेल, साहेब?" बाई म्हणाल्या. "तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हाही लांबूनच बघितलं होतं."

निरीक्षक निमूटपणे चढले. नाव पाण्यात उतरली, जरा डुलली, आणि तरंगली. तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन ती परत आली. जाताना निरीक्षकांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता, येताना त्यांनी एक हात सोडला आणि पाण्यात बोटं बुडवून बघितली. उतरल्यावर त्यांनी नव्या गादीवरून हात फिरवून ही शिलाई कुणाची, असं विचारलं. बाईंनी सांगितलं की विनाकारण बसणाऱ्या बायकांची. निरीक्षकांचे कान लाल झाले. त्यांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला की ही वस्तू निःसंशय नाव आहे.

नाव अंगणात परत आणल्यावर लिफ्टवाल्यांनी तो कागद देवाच्या फोटोशेजारी लावायचं तेवढं बाकी ठेवलं. चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. त्यात अत्यंत नम्र भाषेत कळवलं होतं की, सदर वस्तू नाव असल्याचं आता सिद्ध झालेलं असून राहत्या घराच्या अंगणात नाव ठेवण्याची तरतूद नियमांत नाही, तरी ती सात दिवसांत पाण्यात हलवावी. 'विनाकारण' हा शब्द मागे घेतल्याचंही खाली वेगळं लिहिलं होतं.

लिफ्टवाले पत्र हातात घेऊन पायरीवर बसले. वर्गाचं आता काय होणार, फाटक मोडलं ते मोडलंच, छप्पर घालायचं तर आता परवानगी कोण देणार, असं सगळं ते एका दमात बोलून गेले. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. तुझं अंगणही गेलं आणि नावही गेली."

"नाव कुठे गेली? तलावात तर जाणार आहे," बाई म्हणाल्या. "चहूकडे उजेड, वर छप्पर, जागा ऐसपैस. मशीनं हातानेच फिरवायची आहेत. सोमवारपासून वर्ग तिथे."

सोमवारी क्लबच्या व्यवस्थापकाने आपण विकलेली नाव धक्क्याला लागलेली बघितली आणि पुन्हा विकत घ्यायची तयारी दाखवली. बाईंनी त्याला शर्टाचं दुसरं बटण तुटलंय एवढंच सांगितलं. सहा जणी चढल्या, सहा मशीनं चढली, कापडाचे गठ्ठे चढले. लिफ्टवाले सुकाणूपाशी छाती काढून बसले. हा दिवस त्यांनी मनात बऱ्याच वेळा बघितला होता. त्यात मोकळं पाणी होतं, वारा होता आणि शांतता होती. इथे सहा मशीनं खडखडत होती आणि पाठीमागे कुणाच्या तरी नणंदेचा विषय निघाला होता.

तलावाच्या बरोबर मधोमध इंजिन खोकलं, थुंकलं आणि बंद पडलं.

ती चकती कुठली असावी हे लिफ्टवाल्यांना आत्ता कळलं. पान्हा घेऊन ते धडपडत उठले, आणि घाबरू नका, दहा मिनिटांत चालू करतो, कुणीही उभं राहू नका, असं सगळ्यांना उद्देशून सांगू लागले. कुणीही उभं राहिलेलं नव्हतं. कुणी मान वर करूनही बघितलं नाही.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "थांबली ते बरंच झालं. आता बटणांची काजं हाताने करायची आहेत, मघापासून नावेबरोबर हात हलत होता."

लिफ्टवाले पान्हा धरून तसेच उभे राहिले. मशीनं थांबली, तसा तलावावरचा वारा ऐकू यायला लागला. नाव पाण्यावर अगदी स्वस्थ पडून होती. मग बाईंनी त्यांच्या पुढ्यात सुयांची डबी आणि दोऱ्याचं रीळ सरकवलं.

"रिकामेच आहात तर एवढ्या सुयांत दोरा ओवून द्या. पांढरा."

लिफ्टवाल्यांनी पान्हा खाली ठेवला आणि खिशातून चष्मा काढला.