अर्ध्या तासाचे मगदूमसाहेब

आमच्या थोरलीचा साखरपुडा. नवऱ्या मुलानं अंगठी हातात घेतलेली, फोटोवाला ‘इकडं बघा, इकडं बघा’ करतोय, आणि नेमके तेव्हाच पुढच्या खुर्चीवरून मगदूमसाहेब उठले. मनगटावरचं घड्याळ बघितलं, सरळ मांडवाच्या मधून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, “अर्धा तास झाला, वहिनी. येतो.” त्या फोटोत आजही अंगठी दिसत नाही, साहेबांची पाठ दिसते.

घरातलं कोणी रुसून चाललंय असं वाटून आमचे व्याही बिचारे मागं धावले. साहेबांनी फाटकाशी त्यांना नीट निरखलं आणि विचारलं, “पावणं, तुमच्या घरात आंघोळी किती वाजता सुरू होत्यात?”

व्याही अजून फोनवर हळूच चौकशी करतात, ते गृहस्थ आता बरे आहेत ना म्हणून. मी काय सांगू, कप्पाळ!

मगदूमसाहेब आमचे शेजारी, भिंतीला भिंत. जन्मभर नोकरी केली ती गावोगावच्या सांडपाण्याची पंपिंग स्टेशनं डिझाइन करण्यात. म्हणजे कसं, तुमच्या-आमच्या मोरीतलं पाणी उतारानं खाली खाली जातं, गावातल्या सगळ्यात सखल जागी एका खोल विहिरीत जमतं, आणि तिथून पंप ते उचलून पुढं शुद्ध करायला पाठवतो. ही विहीर किती मोठी बांधायची हे ठरवणं साहेबांच्या मते जगातलं सगळ्यात नाजूक काम. लहान बांधली तर पंप मिनिटामिनिटाला चालू-बंद होऊन जळतो. मोठी बांधली तर पाणी नुसतं साठून राहतं आणि कुजतं.

“अर्धा तास, वहिनी! अर्ध्या तासाच्या वर साठू द्यायचं न्हाय. त्याच्यावर गेलं की वास मारतंय.”

पहिली दोन वर्षं मला वाटायचं, हे विहिरीबद्दलच चाललंय. मग ध्यानात आलं की पाहुणे, आजारपण, सत्यनारायण, भाषणं, सगळं जग साहेबांनी त्या विहिरीत सोडलं आहे. कुणाकडंही गेले तरी अर्ध्या तासानं उठणार. हातात चहाचा कप असला तरी उठणार. एकदा आमचा कप तसाच घेऊन गेले.

आंघोळीची चौकशीही त्यातलीच. सकाळी सहा ते आठ अख्खं गाव एकदम न्हातं, धुतं आणि परसाकडं जातं. तेवढ्या वेळात पंपाचा जीव जातो. त्यामुळं उशिरा आंघोळ करणारा माणूस साहेबांना फार आवडतो. आमचे हे रविवारी बारापर्यंत अंथरुणात लोळतात. त्याबद्दल ह्यांची जाहीर तारीफ करणारा भूतलावर हा एकच माणूस आहे.

जेवायला मात्र त्यांना बोलवायचं तर मन घट्ट करावं लागतं. मी होळीला कटाची आमटी केली होती. साहेबांनी वाटी तिरकी करून पाहिली, चमचा फिरवला, तळ बघितला आणि खूश होऊन म्हणाले, “वा वहिनी! तळाला कायबी बसत न्हाय. पंपातनं आरामात जाईल.” ह्यांनी ताट तिथंच सरकवलं. मी आता आमटी करते तेव्हा झाकूनच ठेवते.

एकदा आमचं नवरा-बायकोचं चांगलंच वाजलं. माझं मिरची-मसाल्याचं कांडप आहे, घराच्या मागच्या खोलीत मशीन. ह्यांनी त्याला ‘खोकल्याची फॅक्टरी’ म्हटलं. मग मीही ह्यांच्या घराण्यापर्यंत गेले. तेवढ्यात साहेब आत आले, खुर्ची ओढून बसले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “भांडा. मी हाय. पण आता चार वाजल्यात, साडेचारला बंद.” घड्याळाकडं बघत कुणाला भांडता येतं? सव्वाचारला ह्यांनीच चहा टाकला.

सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. भेटायला येणाऱ्या माणसालाही साहेबांनी अर्ध्या तासाच्या वर बसू दिलं नाही. डोळ्यांना पदर लावून बसलेल्या बायकांना हात जोडून उठवलं. गल्ली म्हणाली, काय बाई काळीज म्हणायचं का दगड. मी पण म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तर असा हा माणूस. आणि याच्याकडं दर आठ-पंधरा दिवसांनी खात्यातून फोन यायचा. त्यांच्या खुर्चीवर आता देसाई नावाचे साहेब बसतात. देसाई सांगायचे, “थोरल्या मगदूमांची तक्रार आलीय हो. पंपाचा वास येतोय म्हणतात.” निवृत्त माणसानं खरं तर जायची गरज नाही. पण साहेब लगेच इस्त्रीचा शर्ट चढवून, जुनी गाडी काढून निघायचे.

गेल्या संक्रांतीनंतरची गोष्ट. फोन आला आणि साहेब आमच्या दारात. “वहिनी, तुमचं नाक दहा किलो मिरचीतनं एक वेलदोडा हुडकतंय. साक्षीला चला.”

“थांबा, आलोच,” मी म्हटलं. (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना ‘आले’ म्हणत नाही. पुण्याची जाऊ नाक मुरडून दमली.)

कसबा बावड्याच्या अंगाला, उसाच्या फडाच्या कडेला, ते स्टेशन आहे. बसकं, पिवळं, भोवती सोनचाफ्याची रांग. शेजारीच एक टुमदार घर. दोन्हींच्या मध्ये छातीएवढी भिंत. भिंतीच्या पलीकडं पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे उभे होते. नाक, कान, उभं राहायची पद्धत सगळी साहेबांचीच, फक्त दहा वर्षं पुढची.

“येतोय,” म्हातारे म्हणाले.

साहेबांनी डोळे मिटून श्वास घेतला. “न्हाय येत.”

“येतोय की!”

“न्हाय, अण्णा.”

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला नाक लावून हुंगलं. सोनचाफा होता, उसाची ओल होती, आतून कुठूनतरी शेंगदाणे भाजल्याचा वास होता. बाकी देवाशप्पथ काही नाही. तसं मी सांगितलं.

“बाईस्नी पडसं झालं असंल,” म्हातारे म्हणाले. मग दोघंही भावकीतल्या कुठल्याशा बैलाच्या पायाबद्दल चार वाक्यं बोलले, उसाला तोड कधी मिळाली ते झालं, आणि म्हातारे आत गेले. ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवण. साहेब बंद दाराकडं बघत उभे राहिले. मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती!

गाडीत मी सोडलंच नाही. “साहेब, हे तुमचे सख्खे भाऊ? मग घरात का गेला न्हाईसा?”

तेव्हा कळलं. अण्णांनी सातवीतून शाळा सोडून नांगर धरला, म्हणून धाकटा भूपाल इंजिनिअर झाला. म्हातारपणी अण्णांनी हौसेनं हे घर बांधलं. आणि त्याच वर्षी या भागातल्या स्टेशनाचं काम साहेबांकडं आलं. मोजणी केली, तर सगळ्यात सखल जागा निघाली अण्णांच्या घरापासून वीस पावलांवर.

“अण्णा म्हणला, वीस पावलं तिकडं सरकव. मी म्हटलं, सरकवलं तर उतार जातोय, वरच्या गल्लीतल्या लोकांच्या मोरीतनं पाणी उलटं येणार. सांडपाण्याला भावकी कळत न्हाय, अण्णा.” साहेबांनी गियर बदलला. “बरोबरच हुतं ओ माझं. पण तसं बोलाय नको हुतं. अण्णा म्हणला, आजपास्नं माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय. नऊ वर्षं झाली.”

मला हसावं का रडावं कळेना. जगाला अर्धा तास सांगणारा माणूस, आणि स्वतः नऊ वर्षं साठवून बसलेला! मी तोंडावर म्हटलं तसं.

पुढं एक मजा झाली. अण्णांच्या तक्रारींची फाईल इतकी जाड झाली की खात्यानं विहिरीवर पक्कं झाकण आणि पंख्यानं हवा ओढून वास शोषून घेणारा फिल्टर मंजूर केला. देसाई नकाशे घेऊन साहेबांकडं आले. मूळ डिझाइन यांचं, म्हणून यांची नजर हवी. मला वाटलं, साहेब पेढे वाटतील. जन्मभर हा माणूस झाकण द्या, फिल्टर द्या म्हणून खात्याशी भांडत होता, हे मला तोंडपाठ आहे. तर साहेबांनी नकाशात चुका काढायला सुरुवात केली. झाकण जड आहे. पंखा लहान आहे. बदलून आणला तर पंखा मोठा आहे. पावसाळा होऊ दे. पावसाळा झाला तर गणपती होऊ देत. देसाई रडकुंडीला आले.

शेवटी मीच फटकारलं. “अवो, वास जातोय तर जाऊ दे की! तुम्हाला काय धाड भरलीय?”

साहेब नकाशाची गुंडाळी करत होते. ती त्यांनी नीट केली, रबर लावलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “वहिनी, स्टेशन चालू झाल्यावर पाच वर्षं अण्णाची एकबी तक्रार नव्हती. पहिली आली ती सुमन गेल्यावर पंधराव्या दिवशी.” मग म्हणाले, “ती गेली त्या दिवशी अण्णा आलता. फाटकातच उभा राहिला. मी घरात एकटाच उरलोय हे बघून गेला. आता वासच बंद झाला, तर अण्णा मला बोलवंल कशाला?”

डोळ्यात पाणी आलं, ते मी मिरचीवर ढकललं.

पण सरकारी काम कितीही रेंगाळलं तरी कधीतरी होतंच. दिवाळीनंतर झाकण बसलं, फिल्टर बसला. आणि फोन थांबले. एक आठवडा, दोन, तीन. साहेब रोज इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे. आमच्याकडं आले तर दहा मिनिटांत उठायचे. आमटी कशी झालीय हेसुद्धा बोलेनात. मी मुद्दाम घट्ट केली, तरी गप खाल्ली. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

पाचव्या आठवड्यात देसाईंचा फोन आला. साहेबांनी ऐकलं आणि तसेच, बिनइस्त्रीच्या सदऱ्यावर, आमच्या दारात. “वहिनी, चला. अण्णाची तक्रार हाय.”

अण्णा भिंतीपाशी उभे होते. साहेबांनी सवयीनं डोळे मिटले, लांब श्वास घेतला. “वास तर न्हाय, अण्णा.”

“वास गेला,” अण्णा म्हणाले. “आता त्या पंख्याचा आवाज येतोय.”

मी कान दिला. फडातली पाखरं सोडली तर काही ऐकू येत नव्हतं. साहेबही ऐकत होते. “मला तर न्हाय येत.”

“हितं उभारून कसा येईल?” अण्णा खेकसले. मग टोपी सारखी केली आणि दुसरीकडंच बघत म्हणाले, “आत येतोय. माजघरात. बसल्याशिवाय ऐकू येत न्हाय.”

साहेब जागचे हलेनात. मीच पाठीत ढोसलं त्यांना. फाटक उघडून ते गेले, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि त्या दोनदा सरळ करून ठेवल्या. अण्णांनी आतून हाक मारली, “भूपाल, ये की. जेवण थंड हुतंय.”

मी बाहेर कट्ट्यावर बसले. अर्धा तास झाला. पाऊण झाला. आतून ताटं वाजत होती आणि दोघंही एकदम बोलत होते. तासाभरानं मी उठले आणि रिक्षा करून घरी आले.