हमीदचाचांचा विमानाचा कर

वरूडला विमानतळ नाही. तरी विमानाचा कर वसूल करणारा माणूस आमच्या गल्लीत होता. हमीदचाचा. धंदा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्या वर्षांत संत्र्याच्या बागा वाळत चालल्या होत्या, बोअर खोल खोल जात होते, आणि चाचांचा सगळा राग आभाळात उडणाऱ्यांवर.

परदेशात विमानाच्या तिकिटावर कर लावतात, लोकांनी कमी उडावं आणि हवा तापवणारा, पाऊस पळवणारा धूर कमी व्हावा म्हणून, असं त्यांनी पेपरात वाचलं.

"सरकार लावीन तवा लावीन," ते म्हणाले, "आपल्या गल्लीत आजपासून."

दर ठरला: एका विमानप्रवासाला वीस बादल्या पाणी. हापशीवरून भरायचं आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबांना घालायचं.

माझा मेहुणा पुण्याहून नागपूरपर्यंत विमानानं आला. पांढरे बूट घालून गल्लीत उतरतो न उतरतो, तोच चाचा बादली घेऊन हजर.

"इमानानं आले काय जी? टॅक्स द्या."

"अहो, मी नसतो बसलो तरी विमान उडालंच असतं!"

"मंग आगगाडीही आलीच असती ना. तिच्यात काहून नाई बसले?"

मेहुणा हापशी मारू लागला. बाराव्या बादलीला मात्र तो चिडला. "तुमच्या मोटारींना वीज लागते, तिचा धूर होत नाही?"

"होते ना. म्हणून तं मी रोज दोन बादल्या टाकतो. तुमच्या आठ राहिल्या."

चाचांची एकुलती लेक शबाना लग्न होऊन शारजाला गेलेली. चार वर्षांनी, ईदला, छोट्या मुलीला घेऊन येते म्हणून तिचा फोन आला. मी मुद्दाम विचारलं, "लेकीला माफ ना, चाचा?"

"कायदा म्हंजे कायदा. पोरीले वीस, नातीले वीस."

ती यायच्या दिवशी सकाळी पाहतो तर चाचा स्वतःच हापशीवर. नवा कुर्ता भिजलेला, दम लागलेला. अडतिसावी बादली चालू होती.

"शबानाचा कर तुम्ही भरता?"

"चार सालानं येऊन राहिली. आल्या आल्या हाती बादली देऊ काय?"

मी त्यांच्या हातातली बादली घेतली. "बसा तुम्ही. उरलेल्या मी टाकतो. तिच्या परतीच्या प्रवासाच्याही आत्ताच टाकून ठेवू, म्हणजे काम संपलं."

चाचांनी बादली माझ्याकडून काढून घेतली.

"थे राहू दे, बापू," ते हळूच म्हणाले. "जायाचं आत्ताच नको काढू."