नापास माशांचे सर

"वहिनी, सडकं केळं आहे का हो?"

केडगावात आमच्या शेजारी राहणारे शेळके सर रोज सकाळी हेच विचारायचे. दुष्काळाचं साल, आम्ही रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळतोय आणि ह्यांना माशांसाठी केळं हवं! सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि घरी दुधाच्या बाटल्यांत चिलटं पाळायचे. चिलटं म्हटलेलं मात्र खपायचं नाही. "फळमाशी म्हणा, वहिनी."

लोक मुलांच्या शिकवण्या घेतात, हे माशांच्या घ्यायचे. नळीत कापराचा वास सोडायचा आणि लगेच बॅटरीचा बारीक झटका द्यायचा. शहाणी माशी पुन्हा कापराकडे फिरकायची नाही. पण एका बाटलीतल्या माशा पुन्हा पुन्हा झटका खायच्या. त्यांची पोरंही तशीच, नातवंडंही तशीच. त्या बाटलीवर सरांनी चिठ्ठी डकवली होती: 'ढ'.

"फेकून द्या की मेल्यांना," मी म्हटलं.

"रक्तातच आहे त्यांच्या. त्यांचा काय दोष?" सर एवढे चिडले, की दोन दिवस केळं मागायलाही आले नाहीत.

आणि एका सकाळी अनवाणीच धावत आले. "वहिनी, ढ पास झाली!" त्याच माशांना त्यांनी निळा उजेड दाखवून साखर दिली होती. आता निळं दिसलं की त्या बरोबर तिकडेच धावत होत्या. "एका वाटेनं येत नाही ते दुसऱ्या वाटेनं येतं हो!" म्हणाले, आणि हा पन्नाशीचा माणूस आमच्या ओट्यावर बसून रडायलाच लागला. मी चहा टाकला.

मग कळलं. सरांचा धाकटा भाऊ दत्तू. पाढे येईनात म्हणून वडिलांच्या सांगण्यावरून सरांनीच त्याला छडीनं फोडून काढलं होतं. त्याची शाळा सुटली, दोघांचं बोलणंही सुटलं. आता तो काष्टीच्या बाजारात बैलांची दलाली करत होता. एकदा पाहिलेला बैल दहा वर्षांनी ओळखायचा म्हणे.

"तुमचं माहेर काष्टीचं. बरोबर येता का? एकट्याचा धीर होत नाही."

बाजाराच्या दिवशी एसटीनं गेलो. 'ढ'ची बाटली सरांच्या मांडीवर. दत्तूनं उभ्याउभ्याच सगळं ऐकलं आणि बाटली हातात घेऊन फिरवून बघितली.

"ह्यास्नी बी मारलंस व्हय, दादा?"

"मारलं."

"मंग शिकल्या?"

"मारून नाही रे. त्यांचा दोष नव्हता, दत्तू. तुझाही नव्हता."

दत्तूनं बाटली जपून सरांच्या हातात परत दिली. मग चहावाल्याला हाक मारली.

"तीन च्या टाक रं. आमच्या दादाच्यात साखर जास्ती."