चंद्रीचा स्विस गृहप्रवेश

कोल्हारच्या मच्छिंद्रला शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यात स्वित्झर्लंड दाखवलं, तिथंच सगळा घोटाळा झाला. गडी दूधधंदा शिकायला गेला आणि घरांचे फोटो घेऊन आला. "तिकडं गुरं खाली, माणसं वर. उतरतं छप्पर, लाकडी सज्जा, सज्ज्यात फुलं. भंडारदऱ्याच्या डोंगरात अस्संच बांधतो, पण आजच्या काळाचं!"

नकाशा त्यानंच काढला. परक्याचं घर आपल्याला फार लवकर कळतं. वरच्या मजल्यावर, डोंगराच्या अंगाला भिंतभर काच लावली. पलीकडं गवताची चढण, वर कळसूबाई.

बायको सत्यशीलानं घर बघून एकच विचारलं. "ओटा कुठाय?"

"स्विस घराला ओटा नसतो."

"मग आल्यागेल्या बाईनं बसायचं कुठं? मी वास्तुशांतीला येते अन् संध्याकाळच्या टेम्पोनं माघारी जाते. तुमी ऱ्हावा फुलं बघत."

मच्छिंद्र हसला, पण आतून टरकला. उरलेलं आयुष्य त्याला तिच्यासोबत काढायचं होतं, फुलांसोबत नव्हे.

वास्तुशांतीला रीतीप्रमाणं आधी गाय घरात घ्यायची, म्हणून कोल्हारहून टेम्पोत चंद्री आणली. "खाली तिचीच खोली हाय, तिथं न्या," मच्छिंद्र म्हणाला.

भागवत गुरुजी अडले. "गाय गोठ्यात गेली तर त्यात नवल काय? माणसं राहणार तिथं न्या."

गुळाच्या नादानं चंद्री नव्या नवरीसारखी जिना चढली. ओवाळून झालं, गूळ खाऊन झाला, सज्ज्यातली फुलंही खाऊन झाली. मग तिनं जिना वरून बघितला आणि चारी पाय रोवले. पुढून गूळ, मागून सगळे पाहुणे. चंद्रीनं पॉलिशच्या फळ्यांवर ऐसपैस शेण टाकलं.

"चला, सारवायची सोय झाली," व्याही म्हणाले.

पंगत खाली गोठ्यात बसली. "स्वित्झर्लंडला असंच जेवत्यात काय, दाजी?" मेव्हण्यानं विचारलं. मच्छिंद्र बुंदी चावत राहिला.

सत्यशीला वर गेली. काचेपलीकडची चढण वरच्या मजल्याच्या फळ्यांना लागूनच होती. "काच काढा. सपाटीनं जाईल ती."

"अगं, नाशिकहून आणलीय..."

"मग गाय अन् तुमी ऱ्हावा हितं. मी चालले."

मच्छिंद्रनं गुमान पाना मागितला. काच उतरली. चंद्री कुणी न ढकलता बाहेर पडली आणि गवताला लागली.

सत्यशीला त्या मोकळ्या कडेवर बसली, पाय गवतात सोडले. वरच्या वाडीतली झुंबरबाई भारा घेऊन चालली होती. "बसा की जरा," सत्यशीलानं हाक मारली. झुंबरबाई भारा टाकून बसली. खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"जा बाबा तू," सत्यशीला ओरडली. "मला ओटा घावला."

हा ओटा मूळ नकाशातच होता, असं मच्छिंद्र आता पाहुण्यांना सांगतो. तेवढ्यात चंद्री त्याच ओट्यावरून आत येते आणि कुणाला न विचारता सज्ज्यातल्या फुलांकडं निघते.